दत्तक देणे आणि दत्तक टिकणे : प्राणि-निवाऱ्यांपुढील एक प्रश्न

'दत्तक' हा शब्द 'दत्त', म्हणजे 'दिलेला', यापासून सिद्ध झाला आहे. व्यवहारात आपण 'दत्तक घेणे' असेच अधिक बोलतो आणि घेणाऱ्याचाच विचार करतो. परंतु शब्दाच्या मुळाशी देणारा आहे. निराधार कुत्र्या-मांजरांना आश्रय देणाऱ्या संस्थांच्या कार्याचा विचार करताना हा अर्थ ध्यानी ठेवावा, असे आम्हास वाटते. प्राणी संस्थेच्या दारातून बाहेर पडला की दत्तकविधान झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो नव्या घरात रुजला, तरच ते सफल झाले. ही सफलता कशी वाढविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाची पार्श्वभूमी

आपल्याकडे निराधार प्राण्यांच्या आश्रयस्थानांची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८३२ साली सरकारने चालविलेल्या भटक्या कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध पारशी समाजाने उग्र निषेध केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आदी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळीची कल्पना मात्र प्राण्याला आमरण सांभाळण्याची होती. आजच्या निवाऱ्याची कल्पना वेगळी आहे. तो मुक्कामाचे ठिकाण नसून वाटेवरची धर्मशाळा आहे. येथून प्राण्याने पुढे कोणाच्या तरी घरी जावे, ही अपेक्षा आहे.

या अपेक्षेला अलीकडे विशेष निकड प्राप्त झाली आहे. २००१ च्या व त्यानंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रस्त्यावरील कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला त्याच्या मूळ जागी सोडावे, असे धोरण स्वीकारले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक वाट दाखविली. इच्छुक नागरिकाने महानगरपालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावा. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी त्याच्यावर राहील. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके इत्यादी आवारांतील कुत्री निवाऱ्यांत हलवावीत व तेथेच परत सोडू नयेत, असा आदेश झाला. निवाऱ्यांत येणाऱ्यांची संख्या वाढावी आणि जाण्याची वाट अरुंदच राहावी, ही स्थिती कोणत्याही संस्थेला पेलणारी नाही.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या निवाऱ्यात चाळीस पिंजरे आहेत आणि प्रत्येक प्राणी सरासरी ६० दिवस राहतो, असे समजू. मग वर्षभरात सुमारे २४० प्राण्यांना आसरा मिळेल. हाच मुक्काम ३० दिवसांवर आला, तर त्याच जागेत सुमारे ४८० प्राण्यांची सोय होईल. याउलट दिलेला प्राणी परत आला, तर तो कोणा दुसऱ्याची जागा व्यापतो आणि स्वतःही एक विश्वास गमावून येतो. म्हणून अधिक प्राणी देणे आणि दिलेले टिकणे, या दोन्ही गोष्टी एकत्रच साधाव्या लागतात.

कुळाचा मोह

दत्तकाच्या वाटेवरील पहिला अडथळा म्हणजे 'जातिवंत' कुत्र्याचा मोह. हा मोह आजचा नाही. पालि वाङ्मयात 'कोलेय्यक', म्हणजे चांगल्या कुळातील, असे विशेषण कुत्र्यांना लाविलेले आढळते. कुक्कुरजातकातील कथा वाचकांना स्मरत असेल. राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले, तेव्हा राजवाड्यातील कुलीन कुत्री वगळून नगरातील इतर सर्व कुत्री मारण्याची आज्ञा झाली. अखेर ताक व दर्भ पाजून वांती करविली, तेव्हा अपराध राजवाड्यातील कुत्र्यांचाच ठरला. कुळ पाहून नव्हे, प्रत्यक्ष प्रमाण पाहून न्याय करावा, हा या कथेचा बोध निवाऱ्यांनाही लागू पडतो.

आधुनिक निरीक्षणे याला पुष्टी देतात. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, 'पिट बुल' अशी चिठ्ठी लागलेली कुत्री, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पण अशी चिठ्ठी नसलेल्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक काळ निवाऱ्यात खितपत पडत. पिंजऱ्यावरील जातीचा उल्लेखच काढून टाकल्यावर त्यांना घरे मिळण्याचे प्रमाण वाढले. आपल्याकडे 'गावठी' वा 'भटका' हा शब्द हेच काम करतो. पिंजऱ्यावरील पाटीवर जातीऐवजी त्या प्राण्याचा स्वभाव लिहावा. 'गावठी, नर, वय दोन वर्षे' यापेक्षा 'दुपारी शांत झोपतो. साखळीने चालण्याची सवय आहे. लहान मुलांशी बरा राहतो, मांजरांच्या मात्र मागे लागतो' हे वर्णन अधिक उपयोगी होय. यात दोषही सांगितला आहे, हे ध्यानात घ्यावे. दोष लपवून दिलेला प्राणी बहुधा परत येतो.

पिंजऱ्यात मात्र स्वभाव उमगणे कठीण. तेथे गोंगाट असतो. कुत्रे भुंकते किंवा कोपऱ्यात दबून बसते. निवाऱ्यातील भेटींविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात कुत्र्याच्या अनेक वर्तनांपैकी दोनच निर्णायक ठरली : ते पाहुण्याजवळ येऊन पडून राहते काय, आणि खेळावयास बोलाविले असता प्रतिसाद देते काय. म्हणून भेट एखाद्या शांत खोलीत, त्या कुत्र्याच्या आवडीचे खेळणे देऊन घडवावी. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे प्राण्याला काही तासांसाठी फिरावयास, किंवा एक-दोन रात्री कोणाच्या घरी पाठविणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ५१ निवाऱ्यांच्या पाहणीत अशा फेरफटक्याने दत्तक जाण्याची शक्यता सुमारे ५ पट, तर घरातील अल्प मुक्कामाने सुमारे १४ पट वाढल्याचे आढळले. यास मोठा खर्च नाही. चार विश्वासू स्वयंसेवक पुरतात.

चौकशी की संवाद?

दुसरा अडथळा निवाऱ्यांच्या दारातच असतो. प्राणी पुन्हा दुःखात पडू नये, या चांगल्या हेतूने काही संस्था इच्छुकाची इतकी उलटतपासणी करतात की, तो निघून जातो आणि दुकानातून पिल्लू विकत आणतो. त्याला नाकारल्याने निवाऱ्यातील प्राण्याचे काहीच भले झालेले नसते. शुल्काचेही असेच आहे. फुकट मिळालेल्याची किंमत नसते, असे आपण म्हणतो. परंतु मांजरांविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुल्क भरून नेणाऱ्यांच्या आणि विनाशुल्क नेणाऱ्यांच्या जिव्हाळ्यात फरक आढळला नाही.

याचा अर्थ काहीच विचारू नये, असा नव्हे. मोजके पण नेमके प्रश्न विचारावेत. आमच्या परिचयाच्या एका निवाऱ्यातून एक कुत्री मोठ्या कौतुकाने दिली गेली आणि नवव्या दिवशी परत आली. घेणाऱ्या दांपत्याच्या मायेत काही उणे नव्हते. पण घर भाड्याचे होते आणि घरमालकाची संमती कोणी विचारलीच नव्हती. आपल्याकडे बहुतेक दत्तके अशाच कारणांनी मोडतात, असे आमचे निरीक्षण आहे : घरमालक, गृहनिर्माण संस्थेचा विरोध, बदली, बाळंतपण, किंवा घरातील वडीलधाऱ्यांची नाराजी. म्हणून घरातील सर्वांनी एकदा तरी येऊन प्राण्याला भेटावे, असा आग्रह धरावा. गृहनिर्माण संस्थेने पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळविले होते. ही माहिती कुटुंबाच्या हाती दिल्यास त्याला पाठबळ मिळते. दिवसभर घर रिकामे राहत असेल, तर दोन महिन्यांच्या पिल्लाऐवजी प्रौढ कुत्रे सुचवावे. हा नकार नव्हे, योग्य सांगड होय.

दिल्यानंतर

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. नव्या घरात प्राण्याला तीन दिवस भांबावलेपणात, तीन आठवडे घरची रीत समजण्यात आणि तीन महिने खरोखर आपलेपणा वाटण्यात जातात, असा एक ठोकताळा आहे. पहिल्या दिवसांत कुत्रे जेवले नाही, पलंगाखाली दडून बसले, घरात लघवी केली, तर कुटुंब घाबरते. 'हे असे होतेच' एवढे आधी सांगून ठेवले, तरी अनेक दत्तके वाचतील. याच दिवसांत प्राणी पळून जाण्याची भीतीही अधिक असते. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा, दार उघडताना साखळी हाती असावी, आणि दिवाळीच्या तोंडावर दिलेल्या कुत्र्यासाठी फटाक्यांच्या दिवसांत बंद, शांत खोली राखून ठेवावी.

निवाऱ्याने तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात स्वतःहून विचारपूस करावी. लसींच्या तारखा लिहिलेले पत्रक द्यावे. पिल्लू असल्यास निर्बीजीकरण कोठे व केव्हा करावयाचे, हेही ठरवून द्यावे. आणि इतके करूनही सांभाळणे अशक्य झाले, तर दार उघडे ठेवावे. परत आणणाऱ्याला दोष दिला, तर पुढचा माणूस परत आणणारच नाही. तो प्राण्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येईल. प्राण्याला असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले. परंतु पहिल्या अपराधास त्या कायद्याने ठेवलेला दंड १० ते ५० रुपयांचा. अशा दंडाच्या धाकापेक्षा निवाऱ्याचा स्नेहच अधिक उपयोगी पडेल, हे उघड आहे. परत आलेल्या प्राण्याविषयी त्या कुटुंबाकडून जे कळते, तेही पुढचे घर शोधताना मोलाचे ठरते.

तात्पर्य, निवाऱ्यांनी आपल्या वार्षिक अहवालात 'इतके प्राणी दिले' या आकड्याशेजारी 'त्यांपैकी इतके तीन महिन्यांनंतरही त्याच घरी आहेत' हा दुसरा आकडा छापावा. पहिला आकडा वाढविणे त्या मानाने सोपे आहे. दुसऱ्या आकड्यात संस्थेच्या कामाचा कस दिसतो. ज्या वाचकांच्या घरी प्राणी ठेवण्याची सोय नाही, त्यांनीही जवळच्या निवाऱ्यात जाऊन रविवारी एखाद्या कुत्र्याला तासभर फिरवून आणावे. एवढ्यानेही त्याचे घर काहीसे जवळ येते. देणाऱ्याने दिल्यानंतरही हात सोडू नये, इतकेच आम्हास सांगावयाचे आहे.