विवाह कशासाठी?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव देवीच्या नावाने ओळखले जाते. येमाई हे नाव कसे पडले याची एक लोककथा महाराष्ट्रात सांगतात. सीतेच्या वियोगाने व्याकूळ झालेला राम वनात फिरत होता. त्याची परीक्षा पाहावी म्हणून पार्वती सीतेचे रूप घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली. रामाने तिला तत्काळ ओळखले आणि ‘ये माई’ म्हणून हात जोडले. ही कथा कोणी इतिहास म्हणून ऐकत नाही, आणि व्युत्पत्ती म्हणून पंडितही ती मान्य करणार नाहीत. तथापि ती सांगणाऱ्या समाजाच्या मनात पतिपत्नीच्या नात्याविषयी कोणती कल्पना होती, हे तीवरून कळते. पत्नी म्हणजे केवळ रूप नव्हे, हा तिचा आशय आहे. मग पत्नी म्हणजे काय, आणि विवाह करावयाचा तो कशासाठी? या प्रश्नाला आपल्या परंपरेने काय उत्तर दिले आणि व्यवहारात त्या उत्तराचे काय झाले, हे आपणांस पाहावयाचे आहे.

धर्मशास्त्रकार विवाहाचे तीन हेतू सांगतात: धर्म, प्रजा आणि रती. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. येथे धर्म म्हणजे पूजापाठ एवढाच अर्थ नाही. धर्म म्हणजे गृहस्थाचे कर्तव्य. मनुष्य जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो, असे वैदिक काळापासून मानले गेले. अध्ययनाने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण फेडावयाचे. यांपैकी पहिले ब्रह्मचाऱ्यास फेडता येते. उरलेल्या दोहोंसाठी घर लागते. शिवाय दारी आलेला अतिथी, विद्यार्थी, संन्यासी, गाईगुरे, पाखरे यांचाही वाटा गृहस्थाच्या अन्नात असे. म्हणूनच मनूने सर्व आश्रमांत गृहस्थाश्रमाला थोर मानले, कारण इतर तिघांचे पोट त्याच्या चुलीवर चालते. सारांश, लग्न हा दोघांच्या सुखाचा खाजगी करार नव्हता. चार माणसांना आधार होईल असे घर उभे करण्याचा तो संस्कार होता.

आपल्या घोडनदीकाठच्या खेड्यांतून ग्रंथ फारसे कोणी वाचले नसतील, पण हा विचार तेथील रूढीत उतरलेला दिसतो. जुन्या गावगाड्यात लग्न एका घराचे नसे. कुंभाराने मडकी आणावी, परटाने पायघड्या घालाव्या, गुरवाने पत्रावळी द्याव्या, न्हाव्यानेही आपले काम करून मान घ्यावा. देवक बसवून कुळाची आठवण करावयाची आणि लग्न लागल्यावर जोडप्याने कुलदैवताला जाऊन यावयाचे. कोणी जेजुरीला जाई, कोणी येमाईला. घरी जागरण किंवा गोंधळ घातल्याशिवाय लग्नकार्य पुरते झाले असे वाटत नसे. या मानपानात उच्चनीचतेच्या पायऱ्या होत्या आणि सर्वांची पंगत एक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तरी नवे घर उभे राहते ते देव, कूळ आणि गाव यांच्या साक्षीने, ही जाणीव त्यात होती.

परंतु केवळ वंश चालावा आणि कूळधर्म व्हावा एवढाच हेतू असता, तर सप्तपदीला अर्थ उरला नसता. आश्वलायन गृह्यसूत्रात सात पावलांचे सात उद्देश दिले आहेत. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे प्रजेसाठी, सहावे ऋतूंसाठी. आणि सातव्या पावलाला वर वधूला सांगतो की, आता तू माझी सखी हो. अन्नापासून आरंभ करून सख्याशी येऊन थांबणारी ही वाट आहे. संतती त्यात पाचवी आहे. ती शेवटची नाही.

हे सख्य म्हणजे नुसता गोडवा नव्हे. पत्नी हा शब्दच यज्ञातील सहभागावरून सिद्ध होतो, असे पाणिनीने सांगितले आहे. आपस्तंबाच्या मते पाणिग्रहणापासून पतिपत्नींचे कर्म एकत्र होते आणि त्यांच्यात द्रव्याची वाटणी नसते. धर्म आणि प्रजा यांनी युक्त पत्नी असता दुसरी करू नये, असेही तो बजावतो. अश्वमेधाच्या वेळी रामाला सीतेची सुवर्णप्रतिमा शेजारी ठेवावी लागली, याचे मर्म हेच. पत्नीवाचून यज्ञ अपुरा होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पत्नीवाचून धर्म अपुरा, म्हणून पत्नी वारल्यावर विलंब न लावता दुसरी करावी, असे याज्ञवल्क्य पुरुषाला सांगतो. मग पतीवाचून स्त्रीचा धर्म अपुरा नव्हता काय? तिला मात्र पुढच्या काळात, विशेषतः वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत, केशवपन आणि अंधारी खोली मिळाली. एकाच हेतूतून पुरुषाला पुनर्विवाह आणि स्त्रीला आजन्म वैधव्य असे दोन निकाल काढले गेले. तीच गत वयाची. चोवीस वर्षांच्या वराला आठ वर्षांची वधू मनुस्मृतीत सांगितली आहे. त्याच स्मृतीत, गुणहीनाला देण्यापेक्षा मुलगी मरेपर्यंत बापाच्या घरी राहिली तरी चालेल, असेही म्हटले आहे. समाजाने पहिले वचन उचलले आणि दुसरे ठेवून दिले. आठ वर्षांच्या मुलीला सातव्या पावलाचा अर्थ काय कळणार?

सुधारकांनी विवाह मोडला, अशी तक्रार एकेकाळी फार होई. आमचे मत निराळे आहे. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच्या विवाहपद्धतीत वधूवर एकमेकांना समजेल अशा मराठीत वचने देऊ लागले. १८९३ साली विधुर झालेल्या धोंडो केशव कर्वे यांनी कुमारिका न करता विधवेशी लग्न केले आणि त्यासाठी मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. १९२९ च्या शारदा कायद्याने वधूचे किमान वय चौदा ठरविले. १९७८ साली ते अठरा झाले. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंचे बहुपत्नीत्व बंद केले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते देशभर बंद झाले. याच कायद्यात, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असे म्हटले आहे. विवाहाचा जो हेतू रूढीने अर्धवट सोडला होता, तो पुरा करण्याकडेच या सर्वांची पावले पडली.

आज घरे लहान झाली, बलुती गेली, अग्निहोत्र तर केव्हाच मागे पडले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करून लग्न करतात, आणि सुखाची अपेक्षा धरतात. त्यात गैर काही नाही. रतीलाही शास्त्रकारांनी स्थान दिलेच होते. परंतु दोघांचे सुख एवढ्यावरच ज्या घराची उभारणी होते, त्याला वृद्ध आईबाप, आजारी भावंडे, दारचा अतिथी हे सारे ओझे वाटू लागते. उलट कर्तव्याच्या नावाखाली जेथे एकट्या सुनेच्या डोक्यावर सारे घर घातले जाते, तेथे सख्य बुडते. धर्म हवा, पण तो दोघांनी वाटून घेतलेला हवा. हुंडा ठरविताना, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर तोडताना, विधवा लेकीला घरात बसविताना जो तो परंपरेचे नाव घेतो. त्याने आधी त्याच परंपरेतील सात पावले मोजावी आणि आपण कितव्या पावलाशी थांबलो आहोत, हे स्वतःलाच विचारावे.