जुनी गाडी ‘पाणी पिते’ म्हणजे नक्की काय होतं?

गेल्या वर्षभरात ज्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहात. आता यातल्या किती जणांनी बॉनेट उघडून कूलंटची बाटली बघितली? बघा, निम्मे हात खाली गेले. म्हणूनच आजचा विषय.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. माझ्या भाच्याने सात वर्षं वापरलेली एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. दुसऱ्याच आठवड्यात बाटलीतली पातळी खाली गेली. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, “जुनी गाडी आहे, पाणी पिणारच. टाकत राहा.” भाच्याने मला फोन केला. मी म्हणालो, “रविवारी बघू.” तो रविवार काही आला नाही. दोन महिने तो पाणी टाकत राहिला आणि मे महिन्यात, पुण्याहून साताऱ्याला येताना, खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडली. मूळ दोष वॉटर पंपाच्या झिजलेल्या सीलचा होता. चार-पाच हजारांत मिटला असता. शेवटी हेड उतरवावं लागलं आणि बिल चाळीस हजारांच्या घरात गेलं.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: गाडी पाणी पीत नाही. पेट्रोल जळून संपतं, कूलंट संपत नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णता म्हणून कूलंटमध्ये येते. पंप ते कूलंट रेडिएटरकडे ढकलतो, तिथे ते थंड होतं आणि परत इंजिनात जातं. हा बंद फेरा आहे. अनेक महिन्यांत पातळी किंचित उतरली तर समजू शकतो. आठवड्याला बोटभर उतरत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. ती जागा शोधायची, हे खरं काम.

या फेऱ्यात दाब असतो, तेही समजून घ्या. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणातली स्प्रिंग साधारण एक वातावरणाचा जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलं की आणखी थोडं वर. आता समजा आतलं पाणी ११० अंशांवर आहे आणि तुम्ही झाकण उघडलंत. दाब गेला, पाण्याची क्षणात वाफ झाली, आणि ती थेट तोंडावर. म्हणून गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. दुसरं असं, की झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाबच टिकत नाही आणि पाणी उतू जातं. झाकण हा सगळ्यात स्वस्त भाग. आधी तो तपासा.

मग शोध कसा घ्यायचा? सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, बाटलीवर पातळीची खूण करा आणि तारीख लिहून ठेवा. आठवडाभर रोज बघा. पाणी जायला तीन वाटा आहेत.

पहिली, बाहेर. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, ते पडणारच. कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. चव मात्र घेऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि कुत्री-मांजरं त्या गोडीने ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन टाका. पुठ्ठा कोरडा असला तरी होज पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि पंपाखालचं छोटं भोक बघा. तिथे पांढरट किंवा रंगीत पापुद्रा दिसला, तर पाणी गरम भागावर झिरपून वाळतंय. काही गळती दाबाखालीच होते. तिच्यासाठी वर्कशॉपमध्ये हातपंपाने थंड गाडीत दाब भरून बघतात. पंधरा मिनिटांत काटा उतरला, तर गळती आहे.

दुसरी वाट, गाडीच्या आत. डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं, ही त्याची लक्षणं.

तिसरी वाट महागाची, इंजिनाच्या आत. हेड गॅस्केट गेलं की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतो, बाटलीत सतत बुडबुडे दिसतात, ऑइल दुधाळ होतं. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारल्या तरी ऑइलच्या झाकणाला आतून थोडा पांढरा थर येतो, तेवढ्यावरून घाबरू नका. डिपस्टिकवरचं ऑइल बघा. खात्रीसाठी एक निळं रसायन मिळतं. बाटलीतल्या हवेत सिलिंडरचा वायू असेल तर ते पिवळं पडतं.

भाच्याने मला विचारलं होतं, “मामा, लाल दिवा का नाही लागला?” प्रश्न बरोबर होता. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच उतरलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, की तो खरं सांगेलच असं नाही. दिवा गप्प असताना इंजिन तापत राहतं, आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. म्हणून दिव्याच्या भरवशावर राहू नका, बाटली बघा.

घाटात गाडी तापू लागली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, जागा मिळताच बाजूला घ्या. लाल दिवा लागला असेल तर इंजिन बंद करा आणि निदान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

आता प्रश्न घेऊ.

“रेडिएटरमध्ये हळद टाकली तर गळती थांबते ना?” थांबते, काही काळ. आडरानात गावापर्यंत पोचायला ठीक. पण जी हळद भोक बुजवते, तीच बारीक नळ्याही बुजवते. बाजारातल्या पावडरींचंही तेच.

“मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू.” नको. तो साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. काढला की इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं. अडकला असेल तर नवा बसवा.

“बोअरचं पाणी चालेल?” अडचणीत चालेल, नंतर काढून टाका. त्यातल्या क्षारांचा आत थर बसतो. कूलंट घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर तसंच वापरा. आणि नुसत्या रंगावरून कूलंट निवडू नका. रंग कंपनीगणिक बदलतो. गाडीचं पुस्तक काय सांगतं ते बघा.

घरी गेल्यावर लगेच बॉनेट उघडू नका, गाडी गरम असेल. उद्या सकाळी उघडा आणि बाटलीवर खूण करा. आणि घरातल्या कोणी फोन करून “पाणी कमी होतंय” म्हटलं, तर रविवारची वाट बघू नका.