तुळईची गोष्ट, भाग 6 : अक्ष आडवा, वाकणं खाली

मागच्या भागात आपण उदासीन अक्षापर्यंत आलो होतो. त्याच्या वरचं पोलाद दाबलं जातं, खालचं ताणलं जातं आणि अक्षावरच्या पोलादाला यातलं काहीच होत नाही.

मीरा रोड पूर्वेला हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांत पोटमाळा घालायचा म्हटलं, की फॅब्रिकेटर आय सेक्शनचा गर्डर उभाच बसवतो. 200 मिमी उंचीचा, 100 मिमी रुंद फ्लँजचा नेहमीचा गर्डर घ्या. वजन मीटरला साधारण 25 किलो. तोच आडवा पाडून ठेवला, तर तेवढ्याच भाराखाली तो सुमारे 15 पट जास्त झुकेल. पोलाद तेच, आधारांमधला गाळाही तोच. बदललं ते फक्त जडत्व आघूर्ण. छेदाच्या प्रत्येक कणाचं क्षेत्रफळ अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची, एवढाच त्याचा हिशेब. उभ्या गर्डरमध्ये दोन्ही फ्लँज अक्षापासून जवळपास 95 मिमी दूर असतात. आडव्यात मात्र अक्ष त्यांच्या मधूनच जातो.

विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो नावांत. आडव्या अक्षाचं आघूर्ण म्हणजे तुळई आडवी वाकते असं नव्हे. छेद त्या अक्षा*भोवती* फिरतो, म्हणून तुळई त्याला काटकोनात, म्हणजे खाली झुकते. त्यात भर अक्षरांची: जुन्या तक्त्यांत सबळ, म्हणजे जास्त आघूर्णाच्या, अक्षाला एक्स म्हणत, आयएस 800 च्या 2007 च्या आवृत्तीत तो झेड झाला आणि एक्स तुळईच्या लांबीला गेला. म्हणून मी म्हणेन, अक्षरावर विसंबू नका. छेद काढा आणि त्यावर अक्षाची रेघ मारा.

दुबळ्या, म्हणजे कमी आघूर्णाच्या, अक्षाचं महत्त्व कळतं ते पत्र्याच्या शेडमध्ये. पर्लिन, म्हणजे पत्रा पेलणारी तुळई, म्हणून टाकलेलं 100 मिमीचं चॅनेल छपराच्या उतारावर कललेलं असतं, भार मात्र सरळ खाली: पत्र्याचा, चॅनेलचा स्वतःचा आणि मे महिन्यात भोकं बुजवायला वर चढलेल्या माणसांचा. उतार 15 अंशांचा असेल, तर भाराचा सुमारे चौथा हिस्सा उताराच्या दिशेने ओढतो. हिस्सा लहान वाटतो. पण त्या दिशेला चॅनेलचं आघूर्ण जवळपास सातव्या भागाइतकंच असतं. पत्र्याचा आधार धरला नाही, तर चॅनेल उताराकडे जितकं सरकेल, ते छपराला काटकोनातल्या झुकण्याच्या जवळपास दुप्पट भरतं! म्हणून पर्लिनांच्या मधोमध सळई ओवून ती वर मोभाशी बांधतात. दुबळ्या दिशेचा गाळा निम्मा झाला, की झुकणं सोळाव्या हिश्शाहूनही कमी होतं. खर्च वाचवायला ही सळई गाळणं मला साफ नामंजूर आहे.

चॅनेल एका बाजूने उघडं असल्यामुळे भाराखाली पिळवटतंही. त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.