सिबिलवर न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसतेय? हे करा



पीककर्जाला गेल्यावर बँकेत ऐकावं लागतं, "तुमच्या सिबिलवर चौकश्या फार आहेत." आपण तर कुठंच कर्ज मागितलेलं नसतं. मग त्या आल्या कुठून?

शोरूममध्ये ट्रॅक्टर, दुचाकी किंवा मोबाईल हप्त्यावर बघायला गेलो की काही एजंट आपलं पॅन कार्ड घेऊन एकदम तीन-चार फायनान्स कंपन्यांकडे अर्ज टाकतात. लोन ॲपला पॅन आणि ओटीपी दिला तरी तेच होतं. प्रत्येक अर्जाची 'एन्क्वायरी' म्हणून वेगळी नोंद पडते. थोड्या दिवसांत अशा नोंदी वाढल्या की स्कोअर उतरतो.

*काय करायचं?*

१. रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही.

२. 'एन्क्वायरी' भागात संस्थेचं नाव आणि तारीख बघा. त्या दिवशी आपण कुठं कागद दिले होते ते आठवा.

३. ओळख पटत नसेल तर त्या संस्थेला लेखी विचारा: "माझ्या संमतीचा पुरावा द्या, नाहीतर नोंद काढा." पोच जपून ठेवा.

४. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर 'डिस्प्युट' टाका. पैसे लागत नाहीत. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

५. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. माहितीसाठी फोन: १४४४८.

⚠️ चौकशीच नाही, तर न घेतलेलं कर्जच नावावर दिसलं तर ती फसवणूक आहे. लगेच १९३० वर फोन करा, पोलिसांत तक्रार द्या.

*लक्षात ठेवा*

👉 अर्ज आपणच केला असेल तर ती नोंद काढता येत नाही. "पैसे द्या, सिबिल साफ करतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. हप्ते वेळेवर भरा, काही महिने नवा अर्ज टाकू नका. स्कोअर हळूहळू सावरतो.

👉 पॅनच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहूनच सही करा. एजंटला आधीच सांगा, "मला विचारल्याशिवाय अर्ज टाकायचा नाही."

अडचण आली तर रिपोर्टची प्रिंट घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. ओटीपी मात्र आम्हालाही सांगू नका.