कूलर चालतो, पण थंडावा कुठे?

मे महिन्यात अकोल्या-अमरावतीकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहिले, तर एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. "कूलर तं चालू हाय भाऊ, पन थंडी हवाच येत नाई!" पंखा फिरतो, आवाजही भरपूर, आणि तोंडावर मात्र भट्टीचाच वारा. आपल्या उन्हाळ्यात ही केवळ गैरसोय नव्हे. २०२४च्या मे अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेसाठी कलम १४४ लावावे लागले होते. अशा दुपारी घरात एखादे म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ असेल, तर कूलर बंद पडलेला परवडत नाही.

बिघाड शोधण्याआधी कूलर काम कसा करतो हे पाहू. तो हवा 'गार करून' आत सोडत नाही, तो पाणी वाळवतो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने, आणि जुन्या कचेऱ्यांच्या दारांवर वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारीत, तेही याचसाठी. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. एक किलो बर्फ वितळताना घेतो फक्त ८०. म्हणून टाकीत बर्फाची लादी टाकण्याचा उत्साह फारसा कामाचा नाही. ताशी पाच लिटर पाणी वाळले, की एक टनाच्या एसीएवढे काम होते.

तेव्हा प्रश्न असा विचारायचा की, पाणी वाळत का नाही?

सर्वांत नेहमीचे कारण यंत्रात नसतेच, ते खोलीत असते. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आपण दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. एसीची सवय इथे नडते. कूलरने आत ढकललेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. नाहीतर खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकट होते आणि वारा लागेनासा होतो. कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे, आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी. पुष्कळ 'बिघडलेले' कूलर एवढ्यानेच दुरुस्त होतात. खोलीतच मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा घोळवीत बसतो.

दुसरे कारण ताट्यांत. कूलर बंद करून, प्लग काढून, तिन्ही ताट्या हाताने चाचपून पाहा. वरून खालपर्यंत सारख्या ओल्या आहेत का? बहुधा एखादा पट्टा कोरडा सापडतो, किंवा वुडवूल दबून वरच्या बाजूला फट पडलेली असते. हवा अडचणीची वाट सोडून सोपी वाट धरते आणि अशा जागेतून जोरात आत शिरते. बाहेर ४४ अंश असताना ओल्या ताटीतून येणारी हवा २६ अंशांपर्यंत उतरू शकते. पण पाचवा हिस्सा हवा कोरडीच आली, तर मिश्रण तिशीवर जाते.

पट्टा कोरडा राहतो, कारण वरच्या पन्हळीची किंवा नळीची भोके बुजलेली असतात. ती तारेने किंवा खराट्याच्या काडीने मोकळी करावीत. तरीही पाणी चढत नसेल तर टुल्लू पंप पाहावा. त्याच्या जाळीत वुडवुलाचा कचरा अडकतो, नाहीतर आतल्या पात्यांवर क्षार बसतो. पंखाच मंद फिरत असेल तर कंडेन्सर गेलेला असण्याची शक्यता मोठी. तो बदलणे कारागिराचे काम.

क्षाराची गोष्ट आपल्याकडे जरा विस्ताराने सांगायला हवी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जातो आणि तिथले भूजल खारे आहे. कूलरमध्ये वाळते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. रात्रभरात ४० लिटर पाणी वाळले आणि आपण तेवढेच वरून ओतले, तर ४० लिटरच्या टाकीतला क्षार एका रात्रीत दुप्पट होतो, आठवड्यात आठपट. मग ताटीवर पांढरा थर चढतो, वुडवूल काडीसारखे कडक होते आणि पाणी धरीत नाही. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचे आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्ध्याचे पाणी मिळते. कूलरसाठी शक्यतो तेच नळाचे पाणी वापरावे. बोअरचेच पाणी असेल तर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करावी. वुडवूल दर हंगामात नवे घालावे, त्यात काटकसर करू नये. आणि टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीच, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पत्र्याची टाकी, पाणी, ओली फरशी आणि वीज हे सारे कूलरमध्ये एकत्र येते. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात, त्यांत लहान मुलेही असतात. पाणी भरताना कूलर बंद करून प्लग काढलाच पाहिजे, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तीन पिनांचा प्लग आणि घरातले अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर "थोडासा करंट मारतो" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्या क्षणी कूलर बंद. पंपाची वायर टाकीतल्या पाण्यात लोंबत असेल, तिला चिकटपट्टीचे जोड असतील, तर ती पूर्ण बदला.

इतके करूनही जुलैत कूलर थंड हवा देत नाही, अशी तक्रार येते. त्याला इलाज नाही. मे महिन्यात हवेत आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ओल्या कापडाचे तापमान २१ अंशांपर्यंत उतरते. पावसाळ्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ते २९च्या खाली जातच नाही. तेव्हा पंप बंद ठेवावा, नुसता पंखा लावावा.