आभाराचे गाणे आणि हक्काचा कागद

कलावंत मोठा झाला की त्याच्या यशात आपला वाटा सांगणाऱ्यांची रांग लागते. पण तो कुणीच नव्हता तेव्हा त्याला आपल्या मंचावर कुणी उभे केले, आपल्यासाठी जमलेली गर्दी त्याच्या पुढ्यात कुणी ठेवली, रात्री झोपायला जागा कुणी दिली, हा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही. गाण्याच्या धंद्यात तर नाहीच नाही. म्हणूनच अमेरिकेत वीस वर्षांच्या एका पोराने आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर आपल्या आधीच्या गायकांची नावे घेऊन त्यांचे ऋण मान्य केले, ही घटना साठ वर्षांनंतरही विचार करण्यासारखी वाटते.

हा पोरगा म्हणजे बॉब डिलन. पुढे २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळालेला. जानेवारी १९६१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला तो वुडी गथ्रींना भेटायला. वुडी हे मजुरांचे, बेघरांचे, धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचे गायक. तेव्हा ते मेंदूच्या दुर्धर आजाराने न्यू जर्सीतल्या इस्पितळात पडून होते. डिलन त्यांच्याकडे जाई, त्यांचीच गाणी त्यांना गाऊन दाखवी. त्या दिवसांत त्याने 'साँग टू वुडी' हे गाणे लिहिले. सोबत एक साधी गिटार, बाकी कुठलाही वाद्यमेळ नाही. मार्च १९६२ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर तेरा गाणी होती आणि त्यातली त्याची स्वतःची फक्त दोन. त्या दोनांतले एक हे आभाराचे गाणे.

या गाण्यात वुडींबरोबर आणखी तीन नावे येतात. सिस्को ह्यूस्टन, सनी टेरी आणि लेडबेली. सिस्को हे वुडींबरोबर देशभर हिंडलेले गोरे गायक. डिलनचा पहिला रेकॉर्ड निघण्याआधीच, एप्रिल १९६१ मध्ये, ते कर्करोगाने गेले. सनी टेरी हे दृष्टी गमावलेले कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक. आणि लेडबेली, म्हणजे हडी लेडबेटर, हे लुइझियानातल्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेले, कापसाच्या शेतात आणि तुरुंगात आयुष्य काढलेले, बारा तारांच्या गिटारीचे बादशहा. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. चार नावांपैकी दोन नावे काळ्या माणसांची. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसून चहा पिण्याची मुभा नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या नामोल्लेखाचे मोल कळते.

पण आम्ही पडलो कायद्याचे विद्यार्थी. गाणे ऐकून डोळे पाणावले तरी कागद कुठे आहे, असा प्रश्न आमच्या मनात उठतोच. आणि कागद पाहू गेले की आभाराच्या या गोड गोष्टीला दुसरी बाजू दिसू लागते.

पहिली गोष्ट त्याच गाण्याची. त्याची चाल डिलनची नाही. ती वुडींच्याच '१९१३ मॅसॅकर' या गाण्याची आहे. मिशिगनमधल्या संपकरी खाणकामगारांची कुटुंबे नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका सभागृहात जमली होती. कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत ७३ माणसे मेली. त्यात बहुतेक लेकरे. त्या गाण्याची चाल घेऊन डिलनने वुडींनाच अर्पण केली. लोकगीतांच्या परंपरेत हे चालते. एकाची चाल दुसरा घेतो, आपले शब्द घालतो. आपल्या शाहिरांनीही सिनेमाच्या चालींवर पोवाडे आणि गीते रचलीच आहेत. त्यात पाप नाही. पण त्याच रेकॉर्डवरच्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन' या जुन्या गाण्याची मांडणी डिलनने डेव्ह व्हॅन राँक या मित्राकडून घेतली. ज्या मित्राने त्याला घरात आसरा दिला, त्यालाच आधी विचारले नाही. व्हॅन राँक स्वतः ते गाणे रेकॉर्ड करण्याच्या बेतात होते. परवानगी मागितली ती रेकॉर्डिंग उरकल्यावर. म्हणजे एकाच रेकॉर्डवर एकाचे ऋण गाऊन सांगितले आहे आणि दुसऱ्याचे न विचारता घेतले आहे. माणूस असाच असतो. म्हणून तर कायदा लागतो.

दुसरी गोष्ट दौऱ्याची. नवख्या गायकाला गाणे येऊन भागत नाही, त्याला श्रोते लागतात. ते जवळ नसतात. ज्याच्याकडे आहेत त्याने ते वाटून द्यावे लागतात. १९६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या गर्डीज फोक सिटी या ठिकाणी डिलन गायला, तो जॉन ली हूकर या ज्येष्ठ कृष्णवर्णीय ब्लूज गायकाच्या कार्यक्रमाआधी. पण खरा मोठा हात दिला तो जोन बाएझ यांनी. त्यांना स्वतःला १९५९ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब गिब्सन या गायकाने आपल्या कार्यक्रमात बोलावून पुढे आणले होते. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. तीन वर्षांत त्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गेल्या. १९६३ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या दौऱ्यात डिलनला सोबत घेतले. हजारो श्रोते बाएझ यांच्यासाठी तिकीट काढून आलेले असत आणि मध्येच त्या या फाटक्या आवाजाच्या पोराला मंचावर बोलावीत. लोक कुरकुरले तर त्या लोकांनाच सुनावीत. याच उन्हाळ्यात २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात, जिथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले, तिथे हे दोघेही गायले.

आणि परतफेड? १९६५ साली डिलन इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा नाव त्याचे झाले होते. बाएझ सोबत गेल्या होत्या. पण त्याने त्यांना एकदाही मंचावर बोलावले नाही. हे सगळे 'डोन्ट लूक बॅक' या चित्रपटात जगाने पाहिले. पुढे पन्नास वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, लॉस एंजेलिसमधल्या एका सत्कार समारंभात डिलनने हातात कागद घेऊन लांबलचक भाषण केले आणि एकेकाचे नाव घेऊन आभार मानले. ज्यांनी त्याला करारबद्ध केले ते जॉन हॅमंड, ज्यांनी त्याची गाणी गायली ते पीटर, पॉल अँड मेरी, स्टेपल सिंगर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब, नीना सिमोन, आणि बाएझ. आपल्या भरल्या मैफलीत त्यांनी आपल्याला नेले, हे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. उशीर झाला, पण सांगितले. आपल्याकडे किती जण सांगतात?

ओडेटा या कृष्णवर्णीय गायिकेचा उल्लेखही इथे केलाच पाहिजे. त्यांचा रेकॉर्ड ऐकून आपण विजेची गिटार सोडून साधी गिटार हाती घेतली, असे डिलननेच १९७८ सालच्या मुलाखतीत सांगितले आहे. म्हणजे त्या साध्या गिटारीमागेही एक काळी बाई उभी आहे. ओडेटांनी १९६५ साली डिलनच्या गाण्यांचा अख्खा रेकॉर्ड काढला. शिष्याने गुरूचे नाव घेण्याआधीच गुरूने शिष्याची गाणी गाऊन मोकळे व्हावे, असा मोठेपणा ज्यांना जगाने काहीच दिले नाही त्यांच्याकडेच बहुधा आढळतो.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. लेडबेलींना दौऱ्याची पहिली संधी कुणी दिली? जॉन लोमॅक्स या गोऱ्या लोकगीत संग्राहकाने. १९३३ साली लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन यांनी लुइझियानाच्या अंगोला तुरुंगात लेडबेलींची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९३४ च्या ऑगस्टमध्ये सुटका झाल्यावर लेडबेली लोमॅक्स यांच्याकडे मोटारचालक म्हणून राहिले आणि त्यांच्याबरोबर विद्यापीठांतून गाऊ लागले. ही संधी खरी होती. लोमॅक्स नसते तर ती गाणी तुरुंगाच्या भिंतीआड विरून गेली असती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण संधीची किंमत पाहा. १९३५ च्या जानेवारीत करार झाला आणि कमाईचा निम्मा वाटा लोमॅक्स यांचा ठरला. पुढे मुलाचे नाव घालून तो दोन तृतीयांश झाला. गाणारा एक आणि त्याला तिसरा हिस्सा! गावगाड्यात बलुत्याचे वाटे कसे ठरत, हे ज्यांच्या आजोबांनी भोगले आहे त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. सिनेमागृहांत दाखवल्या गेलेल्या एका वार्तापटासाठी लेडबेलींना कैद्याचे कपडे चढवून लोमॅक्सपुढे विनवणी करताना दाखवले. काळा माणूस गाणारा म्हणून चालेल, पण सुटका झालेला कैदी आणि कृतज्ञ नोकर म्हणूनच! मार्चमध्ये दोघांचे फाटले. लेडबेलींनी वकील गाठला, आपले पैसे मागितले आणि तडजोडीने काही रक्कम मिळवली. ज्याने संधी दिली त्याच्याविरुद्ध वकील करणे याला काही लोक कृतघ्नपणा म्हणतील. आम्ही त्याला स्वाभिमान म्हणतो. उपकाराची जाणीव ठेवणे वेगळे आणि उपकाराच्या नावाखाली आपला वाटा सोडून देणे वेगळे.

६ डिसेंबर १९४९ रोजी लेडबेली गेले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे 'गुडनाइट आयरीन' हे गाणे 'द वीव्हर्स' या चमूने गायले आणि १९५० साली ते अमेरिकेत तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गीतकार म्हणून नाव लागले लेडबेटर आणि लोमॅक्स, दोघांचे. ज्याने गाणे गात जन्म काढला तो हे यश पाहायला नव्हता, आणि ज्याने ते फक्त टिपले त्याचे नाव मात्र कागदावर कायम झाले.

याहून भयंकर प्रकार दक्षिण आफ्रिकेत घडला. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांत गेले. तेच गाणे रूप पालटून 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून जगभर गाजले. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात वारले. त्यांच्या मुलींना न्याय मिळाला तो एका जुन्या कायद्यामुळे. १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती, की लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी त्याने विकलेले हक्क वारसांकडे परत येतात. त्या आधारे वकिलांनी २००४ साली डिस्नी कंपनीवर दावा लावला आणि २००६ साली तडजोड झाली. विशेष म्हणजे हाच १९११ चा कायदा १९१४ च्या कायद्याद्वारे आपल्याकडेही काही फेरफारांसह लागू करण्यात आला होता. साम्राज्याच्या कायद्यातले एक कलम नव्वदहून अधिक वर्षांनी गरीब गायकाच्या लेकींच्या उपयोगी पडले!

याच्या उलट, आभार कसे मानावेत याचा नमुनाही आहे. 'वुई शॅल ओव्हरकम', आपण ज्याला 'हम होंगे कामयाब' म्हणून ओळखतो, ते गाणे काळ्या चर्चमधून आणि चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांच्या संपातून आले. १९६० नंतर पीट सीगर आदी गोऱ्या गायकांच्या नावाने त्याची नोंद झाली. पण त्यांनी त्याचे मानधन स्वतः घेतले नाही. ते दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामासाठी हायलँडर संस्थेच्या निधीला दिले. २०१८ साली न्यायालयीन वादानंतर ते गाणे सर्वांसाठी खुले झाले. ऋण तोंडाने मानून न थांबता त्याचा रुपयांतला हिशेबही कसा लिहावा, हे यातून शिकण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे वळू. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत आपली चळवळ गाण्यावर वाढली. एका शाहिराने दुसऱ्याला आपल्या मंचावर उभे केले, ढोलकीवाल्याने नवख्या गायकाला सांभाळून घेतले, म्हणून ही परंपरा टिकली. पण आमच्याकडे कलावंत जे कागद घेऊन येतात ते पाहून मन विषण्ण होते. एका पानावर दोन ओळी. 'सर्व हक्क कायमचे दिले' आणि खाली सही. मोबदला म्हणून एकरकमी काही रुपये. कॅसेट निघाली, सीडी निघाली, आता मोबाइलवर तेच गाणे लाखो लोक ऐकतात, पण गीत लिहिणाऱ्याचे नावही कित्येकदा सापडत नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी गीतावर आपले नाव असण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला मानधनात समान वाटा दिला आहे, आणि तो सोडून देतो असे कंपनीला लिहून दिले तरी ते कायद्याला मान्य नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हे हक्क वारसांना मिळतात. आपल्या घरात एखाद्या दिवंगत शाहिराच्या वह्या असतील तर त्या नुसत्या आठवण म्हणून ठेवू नका. कोणते गीत कधी लिहिले, कुणाला दिले, काय कागद झाला, याची यादी करा.

आणि जे आज मोठे झाले आहेत त्यांना एक विनंती. ज्यांनी तुम्हाला पहिल्यांदा मंच दिला त्यांची नावे कार्यक्रमात घ्याच. डिलनसारखी पन्नास वर्षे लावू नका. पण नाव घेऊन थांबू नका. ज्याचे गीत गाता त्याच्या घरी त्याचा वाटा पोचतो की नाही, हे आपल्या आयोजकाला पुढच्या कार्यक्रमाच्या आधी विचारा.