जुन्या पिकअपचे काम काढताना

चंद्रपूरजवळच्या पडोली नाक्यावरून घुग्घुसकडे जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची रांग ज्याने पाहिली असेल, त्याला अवजड वाहतूक म्हणजे दहा-बारा चाकांचाच कारभार वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या मुलखात शिरावे आणि आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा असा भामरागडचा रस्ता धरावा, म्हणजे ध्यानात येते की येथील बरेचसे ओझे लहान गाड्यांच्या पाठीवर, आणि प्रसंगी त्यांच्या शेपटीमागे, चालत असते. पाण्याचा टँकर, पुलाच्या कामावरचा मिक्सर किंवा चाकांवरचा जनरेटर हलवावयाचा आहे आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कामात गुंतला आहे, अशा वेळी कोणाच्या तरी अंगणात उभी असलेली वीस-पंचवीस वर्षांची डिझेल पिकअप आठवते. आणि तिचे ‘काम काढण्या’चा विचार मालकाच्या मनात येतो तो बहुधा तेव्हाच.

ही गाडी बहुतेक वेळा महिंद्राची असते. मुंबईत या कंपनीने विलिस जीप जोडावयास आरंभ केला तो 1940च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्या जीपला पेट्रोलचे इंजिन होते. पुढे डिझेलची निकड भासली तेव्हा तिने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरांचा इंजिन-वंश आपल्या वाहनांत आणला. त्या वंशातील 2523 घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा बोअर 88.9 मिलिमीटर व स्ट्रोक 101.6 मिलिमीटर, म्हणजे अनुक्रमे नेमका साडेतीन व चार इंच. मेट्रिक पोशाखाखालचे इंग्रजी हाड या आकड्यांतून अजून दिसते. ओढणे हा या इंजिनाचा पिढीजात धर्म आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र त्याच्या भोवतालची गाडी ट्रॅक्टर नव्हे, आणि सारा घोटाळा येथून सुरू होतो.

मालकाचे लक्ष स्वाभाविकपणे ताकदीकडे असते. ‘पंप थोडा वाढवून द्या, भाऊ,’ ही विनंती कोणत्याही गॅरेजात ऐकू येते. पंप वाढविला म्हणजे सिलिंडरात डिझेल अधिक जाते. हवा मात्र तेवढीच राहते. न जळालेले इंधन काळ्या धुरावाटे बाहेर पडते आणि पिस्टनच्या माथ्यावरील उष्णता धोक्याच्या पातळीकडे सरकते. चांगला कारीगर पंप व नोझल चाचणी-यंत्रावर चढवून मूळ मापावर आणून ठेवतो आणि त्याहून पुढे जात नाही. त्याची खरी मेहनत दिसते ती मोजमापात. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावयाचा, कारण झीज सर्वत्र सारखी नसते. मग ठराविक वाढीव मापाचा पिस्टन आधी हातात घेऊन त्याच्या मापाने बोअर मारावयाचा. क्रँकचे जर्नल घासून त्याला जुळणारी बेरिंगे बसवावयाची. आणि हेडची पातळी सरळ पट्टीने तपासावयाची. माझ्या स्वतःच्या गाडीला एकदा नवे गॅस्केट बसविताना ही शेवटची तपासणी कोणी केली नाही. ते गॅस्केट दोन महिने टिकले.

याहूनही मोठा प्रश्न चंद्रपूरच्या उन्हाचा आहे. रेडिएटर उष्णता टाकतो तो पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात. पाणी 90 अंशांवर आणि हवा 30 अंशांवर असेल तर हे अंतर 60 अंशांचे. मे महिन्यात हवा 46 अंशांवर गेली की ते 44 उरते, म्हणजे शीतनाची शक्ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटते. आणि त्यातच ओझे ओढणारी गाडी चढावर मंद चालत असल्यामुळे वाऱ्याचा झोतही कमी मिळतो. म्हणून क्षाराने भरलेला जुना कोअर नुसता झाळून चालत नाही. तो बदलावा लागतो, पाण्याचा पंप व पंख्याचा पट्टा नवा घालावा लागतो, आणि तापमानाचा काटा खरे बोलतो की नाही हेही पाहावे लागते. दहास एक अशा चढावर प्रत्येक टनामागे सुमारे शंभर किलो ओढ केवळ चढासाठी जादा लागते. तो सारा भार क्लचवर आणि इंजिनाच्या पाण्यावर पडतो.

उतारावर प्रकरण उलटते. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते, आणि मागच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ते धूड पुढच्या गाडीला बाजूने रेटून रस्त्यावर आडवे पाडू शकते. माझ्या मते जो मिस्त्री इंजिनाच्या आधी ड्रम, लायनिंग आणि ब्रेकच्या नळ्या उघडतो, त्याच्याच हाती गाडी द्यावी. हुकाचेही तसेच: तो बंपरला जोडावयाचा नसतो, चेसिसच्या दोन्ही कण्यांना आडवी पट्टी देऊन बोल्टांनी बांधावयाचा असतो. ट्रॉलीतील भार फार मागे गेला तर गाडी उलाळ होते, हे बैलगाडीवाल्यास कोणी शिकवावे लागत नाही. येथेही एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर टेकलेला असावा, नाही तर ट्रॉली शेपूट हलवू लागते.

सरकारी बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988च्या कलम 52 अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, आणि मागे पाट्यांची एक जादा पात घातली म्हणून नोंदणीच्या दाखल्यावरील वजनाची मर्यादा वाढत नाही. ट्रॉलीची नोंदणीही स्वतंत्र लागते. एवढ्या खटाटोपापेक्षा नवी गाडी का घेऊ नये, असे विचारणाऱ्यास उत्तर इतकेच, की जुन्या गाडीच्या यांत्रिक पंपाला संगणक लागत नाही. रानात ती बंद पडली तर पाना, पकड आणि चांगला मिस्त्री यांवर भागते.

काम झालेली गाडी पहिले हजार किलोमीटर रिकामीच चालवावी लागते, म्हणजे रिंगा बोअरमध्ये बसतात. त्यानंतर तेल बदलावयाचे, टॅपेट पुन्हा मोजावयाचे, आणि मगच हुकाला ट्रॉली लावावयाची.